मुंबईच्या परसात ग्रीनहाऊस: कोणी केलंय का?

दहिसरची_अबोली | ६ मे

दहिसर गावठाणात आमचं जुनं बैठं घर आहे. मागे परस साधारण दहा बाय अठरा फूट. त्यात कढीपत्ता, एक लिंबू, शेवगा, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू आणि उरलेल्या जागेत माझ्या कुंड्या. सकाळी छान ऊन येतं, पण पश्चिमेला टॉवर उभा राहिल्यापासून तीननंतर सगळं सावलीत.

नणंद न्यू जर्सीत असते. तिच्या बॅकयार्डात पॉलिकार्बोनेटचं ग्रीनहाऊस आहे. मार्चमध्ये बाहेर गारठा आणि आत तिची टोमॅटोची रोपं वीतभर झालेली, हे व्हिडिओ कॉलवर बघून आमच्या घरात सगळ्यांना ग्रीनहाऊसचं वेड लागलंय. यजमानांनी ऑनलाइन किटसुद्धा हेरून ठेवलंय. सहा बाय आठचं, चारही बाजूंनी बंद, एक दार, छताला एक झडप.

माझं खरं दुखणं जून ते सप्टेंबर. बी उगवतं, दोन पानांवर येतं आणि पहिल्या जोराच्या पावसात आडवं. वांगी, मिरची, टोमॅटो, कशाचंच रोप जुलै पार करत नाही. त्यात नॅशनल पार्कातली माकडं. हे किट घ्यावं का? मुंबईत कोणी लावलंय का?

कुंडीबाज | ६ मे

घेऊ नका.

नणंदबाईंचं भांडण थंडीशी आहे, तुमचं पावसाशी. त्यांच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. तिथे पॉलिकार्बोनेट ऊन आत घेतं आणि तापलेली हवा आतच धरून ठेवतं, म्हणून रोपं तगतात. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे सांताक्रूझला सोळा-सतरा अंश असतात आणि टोमॅटोला तेच तर हवं असतं. धरून ठेवायला थंडी आहेच कुठे?

आता मे महिना घ्या. बाहेर ३४ अंश असताना बंद पेटीत दुपारी सहज ४५ च्या वर जातं. झाड पानांतून बाष्प सोडून स्वतःला गार ठेवतं, पण कोंडलेली हवा आधीच ओलीचिंब असली की तोही मार्ग बंद. पावसाळ्यात त्याच पेटीत बुरशीची चंगळ. एका झडपेने यातलं काहीही टळत नाही.

आमच्या ओळखीत गोरेगावला एकांनी गच्चीवर असंच किट उभारलं होतं. आता त्यात पापड-कुरडया वाळवतात. उत्तम वाळतात म्हणे.

लालबागचो_झिल | ६ मे

पापडांसाठी तरी घ्याच म्हणतो मी. :)

अबोलीताई, तुमची रोपं पावसाच्या माराने आडवी होत नसावीत. पुढच्या वेळी पडलेलं रोप उचलून मातीलगतचं खोड नीट बघा. वरची पानं हिरवीगार, पण मातीला टेकलेला भाग तपकिरी, पाणचट आणि सुतासारखा बारीक झालेला दिसला तर ते रोप कोलमडणं. मातीतली बुरशी. माती सतत ओली आणि बी दाट पेरलेलं असलं की हमखास येते. पाऊस फक्त शेवटचा धक्का देतो.

उपाय महाग नाही. बी जमिनीत न पेरता ट्रेमध्ये पेरा. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी चाळलेलं गांडूळखत आणि थोडी जाड रेती. ट्रे पागोळ्यांपासून लांब, छपराखाली, पण उजेडात ठेवा. पाणी वरून ओतायचं नाही. ट्रे पाच-दहा मिनिटं पाण्याच्या परातीत ठेवून खालून पिऊ द्या आणि वरचा थर सुकेपर्यंत पुन्हा पाण्याचं नाव काढू नका. आमची आई गावाहून फोनवर एवढंच सांगते, "पाणी कमी घाल रे, झाड बुडान मरता."

चौथा_मजला | ७ मे

धाग्यात घुसतोय, माफ करा. कांदिवलीला आमच्या सोसायटीची गच्ची रिकामी आहे. कमिटी तयार आहे. आम्ही काही जण मिळून विटांचे वाफे करून माती भरायचं म्हणतोय, वर हिरवं नेट. बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली. कोणी केलंय?

सिव्हिल_काका | ७ मे

चौथा मजला, माती भरण्याआधी हे वाचा.

ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १७०० किलो धरा. म्हणजे चौरस मीटरभर वाफ्यात फक्त सहा इंच माती भरली तरी अडीचशे किलो. वर विटा, पाणी, झाडं, माणसं वेगळी. आपल्या भारमानकात (आयएस ८७५, भाग २) माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ १५० किलो इतका चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात. तुमचा वाफा तिथेच हद्दीबाहेर गेला. आणि हे नव्या स्लॅबचं गणित. चाळीस वर्षांच्या, समुद्राच्या हवेत सळया गंजलेल्या स्लॅबचं गणित त्याहून वाईट.

निळा ड्रम अर्धा कापून लोक हौसेने आंबा लावतात. अर्धा ड्रम म्हणजे शंभर लिटर, ओली माती भरली की दीडशे किलोच्या पुढे. असले ड्रम ठेवायचेच असतील तर खाली कॉलम किंवा बीम येतो तिथेच, कठड्याच्या कडेने. स्लॅबच्या मधोमध कधीही नाही. वाफे थेट गच्चीवर बांधू नका. वॉटरप्रूफिंगला मुळं भिडली की वरच्या मजल्यावरचे लोक तुमच्या पालकाची भाजी गोड मानून घेणार नाहीत. स्टँडवर कुंड्या, खाली वारा खेळता, आणि पाणी वाहून जायच्या जाळ्या मोकळ्या. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गच्ची दाखवा.

कुंडीबाज | ७ मे

काकांशी सहमत. वजनाला उत्तर मुंबईतच सापडलेलं आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी इथे गच्चीवर उसाची चिपाडं वापरून भाजी आणि फळझाडं करून दाखवली. पिशवीत मुख्य भरणा चिपाडांचा, कंपोस्ट आणि माती अगदी थोडी. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराची दिशाही तीच: काडीकचरा कुजवून त्याचीच माती करायची. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली, तिच्याबद्दल इथे बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

रसवंतीवाला चिपाडं फुकट देतो, उलट उचलून नेली तर आशीर्वाद देतो. फक्त ताजी वापरू नका. उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर उरलेल्या साखरेवर मुंग्यांची जत्रा भरते.

मार्वेकरीण | ८ मे

अबोली, माझं घर मार्वेला. परसात जे उभं केलंय ते सांगते. त्याला ग्रीनहाऊस म्हणायचं की मांडव ते तुम्ही ठरवा.

सांगाडा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा, मधला कणा नऊ फूट, कडा सात फूट. छतावर दोनशे मायक्रॉनचा यूव्ही प्लास्टिक कागद, पण फक्त जून ते सप्टेंबर. चारही बाजू उघड्या. ऑक्टोबरमध्ये कागद गुंडाळून ठेवते आणि त्या जागी पन्नास टक्क्यांचं (निम्मं ऊन अडवणारं) शेडनेट चढवते, ते मेअखेरपर्यंत. केरळात पावसाळी भाजीसाठी असले 'रेन शेल्टर' बरेच करतात. आपला आणि त्यांचा पाऊस सख्ख्या भावंडांचा, त्यामुळे तेच इकडे चालतं.

उतारात कंजुषी केली की पावसाचं पाणी मधे साठतं आणि कागदाला पोट सुटतं. एका रात्रीत फाटतो. पाइपांचं अंतर कमी ठेवा आणि कागदाखालून आडव्या तारा ओढून घ्या. वाऱ्याचाही विचार आत्ताच करा. तौक्ते वादळात (मे २०२१) मुंबईत ताशी शंभर किलोमीटरच्या वर झोत होते. कागद क्लिपांवर असेल तर इशारा आला की अर्ध्या तासात उतरतो. खिळे मारून बसवला असेल तर सांगाड्यासकट शेजारी जातो.

नेट घेताना टक्के बघा. भाजीला ३५ ते ५०. ऑर्किड, नेचे, अँथुरियम यांना ७५. दुकानदार सगळ्यांना ७५ चं हिरवं नेट गळ्यात मारतो, त्याखाली मिरची नुसती उंच वाढते आणि फूल धरत नाही. तुमच्याकडे तीननंतर सावलीच आहे, तर तुम्हाला ३५ पुरे. खरं तर एप्रिल-मे सोडून नेट लागणारच नाही.

पक्कं पत्र्याचं छप्पर मात्र घालू नका. त्याला परवानगी लागते. जे काही कराल ते सुटं, काढता येण्यासारखं ठेवा आणि वॉर्ड ऑफिसात आधी विचारून घ्या.

नाशिक_ते_नाहूर | ८ मे

इथे सगळे पॉलीहाऊसच्या (प्लास्टिक कागदाच्या ग्रीनहाऊसच्या) नावाने बोटं मोडताहेत. तळेगाव-मावळ पट्ट्यात गुलाब आणि जरबेरा पॉलीहाऊसमध्येच पिकतो ना? मग मुंबईनेच काय घोडं मारलंय?

मार्वेकरीण | ८ मे

तळेगाव घाटावर आहे. रात्री गार होतात, हवा कोरडी, पाऊस आपल्यापेक्षा कमी. सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी आठशे मिलिमीटरच्या वर आहे. शिवाय त्या लोकांच्या पॉलीहाऊसला वर हवा जायला सलग मोकळी फट असते, फॉगर (पाण्याचं धुकं उडवणारे फवारे) असतात, उंची आपल्या दुमजली घराएवढी. सहा बाय आठच्या किटात यातलं काय आहे?

नाशिक_ते_नाहूर | ८ मे

उंचीचा मुद्दा मान्य. तरी दमटपणात मजेत राहणाऱ्या झाडांची बाजू कोणी मांडत नाहीये. व्हँडा, डेंड्रोबियम या ऑर्किडना मुंबई स्वर्ग आहे. मुळं उघडी टांगलेली, ना माती ना कुंडी. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी मे-जूनमध्ये फुलते तेव्हा माझ्या बाल्कनीखाली लोक थांबून वर बघतात. (नर्सरीतलीच घ्या. जंगलातून ओरबाडून आणलेली कोणी विकत असेल तर सरळ नको म्हणा.)

खिडकी_परळ | ११ मे

परस, गच्ची, नऊ फुटी मांडव! आमच्याकडे चार बाय दीड फुटाची ग्रील आहे आणि खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत, ज्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर माझ्या तुळशीचं पाणी ठिबकतं.

ग्रीलवाल्यांसाठी सांगते. कुंडीखाली थाळी ठेवली की आजोबा खूश, पण डासांची पैदास शोधणारे पालिकेचे कर्मचारी आले की तीच थाळी आधी उचलून बघतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून माझ्या थाळ्यांत पाण्याऐवजी जाड रेती भरलेली आहे. कुंडीचं पाणी रेतीत मुरतं, वर तळं साचत नाही. तरी आठवड्यातून एकदा थाळ्या रिकाम्या करून घासते.

लाल माती विकत आणून तशीच भरू नका. दोन पावसांत तिची वीट होते. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट, आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायचं, त्यात मीठ असतं. पावसाळ्यात उघड्यावर असणाऱ्या कुंडीत कोकोपीट कमी आणि विटांचे बारीक तुकडे जास्त.

ग्रीलमध्ये विनातक्रार येणारी मंडळी: मायाळू, पानओवा, गवती चहा, गोकर्ण, पुदिना. मायाळूचा वेल तर मोलकरणीपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना भजीपुरता पुरतो. अडेनियम ठेवलंत तर जूनच्या आधी आत घ्या, त्याचं बुड सडतं. एसीचं पाणी झाडांना चालतं. आरओचं फेकायचं पाणी रोज घालू नका, क्षार साठतात.

दहिसरची_अबोली | १२ मे

किट बाद. यजमान हिरमुसलेत, पण पाइपांचं मोजमाप काढायला लागले आहेत, म्हणजे ठीक आहे.

मग या पावसाळ्यात लावू काय? आणि माकडांचं कोणी काही बोललंच नाही.

लालबागचो_झिल | १२ मे

पावसाळ्यात जे आपसूक येतं तेच लावा. वेलभाज्या मृगाच्या आधी पेरून टाका: पडवळ, कारली, शिराळी, घोसाळी, दुधी. पाऊस जोर धरेपर्यंत वेल मांडवाला हात लावतो आणि मग त्याला कोणी अडवत नाही. भेंडी लावणार असाल तर परभणी क्रांती बघा. केवड्याला (पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला) दाद न देणारी म्हणूनच ती परभणीच्या विद्यापीठाने काढली. जागा उरली तर हळद. नागपंचमीला पातोळ्यांसाठी पानं बाजारातून आणायला नकोत.

वांगी-टोमॅटोचा हट्ट गणपतीनंतर.

बोरिवली_पूर्व | १२ मे

माकडांवर रामबाण उपाय मी तरी बघितलेला नाही. आरसे, सीडी, रबरी साप, सगळ्यांना ती दोन दिवसांत ओळखतात. अळू, हळद, आलं, गवती चहा, मिरची यांना फारशी हात लावत नाहीत. पेरू, केळी, टोमॅटो म्हणजे आमंत्रणपत्रिका. ज्यांना खायचंच आहे ती रोपं वेल्डमेशच्या (जाड तारेच्या जाळीच्या) पिंजऱ्यात. अबोली, मांडवाच्या एका टोकाला असा पिंजरा करून घ्या. आणि शेजाऱ्यांना सांगा, माकडांना केळी घालू नका. मूळ तिथे आहे.

वेलीला_फळ_का_नाही | २० जून

दुधीला ढीगभर फुलं येतात आणि गळून जातात. सातव्या मजल्यावर आहे. खत घालून थकलो.

कुंडीबाज | २० जून

खत थांबवा. फुलं उलटी करून बघा. देठाशी बोटभर लव असलेला इवला दुधी दिसला तर मादी, नुसता लांब देठ असला तर नर. सातव्या मजल्यावर परागीकरण करायला कोण येणार? ते तुम्हीच करायचं.

दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा ऑफिसातून आल्यावरच वेळ साधा. नर फूल तोडा, पाकळ्या सोलून टाका, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. शिराळीही संध्याकाळची. कारली, काकडी, घोसाळी मात्र सकाळी. चार-पाच दिवसांत छोटा दुधी फुगायला लागला तर जमलं. पिवळा पडून गळला तर पराग पोचला नाही किंवा पावसात धुऊन गेला. पाऊस असेल तर काम झाल्यावर फुलावर कागदाची पुडी बांधा.

सुरुवातीला सगळी नर फुलंच येतात, तेव्हा वेलाच्या नावाने बोंब मारू नका.

वेलीला_फळ_का_नाही | २९ जून

दोन दुधी धरले! बायको म्हणते, आता फक्त वेलावरच लक्ष.

दहिसरची_अबोली | ९ जुलै

मांडव उभा आहे, कागद ताणलेला आहे, वेल चढलाय. पण काल रात्री चवळीच्या कोवळ्या रोपांची नुसती देठं उरली. सकाळी भिंतीवर चकचकीत माग. टॉर्च घेऊन गेले तर बोटभर लांबीच्या तपकिरी पट्टेवाल्या गोगलगाई, मोजता येणार नाहीत इतक्या. मीठ टाकू का?

बोरिवली_पूर्व | ९ जुलै

मातीवर मीठ अजिबात नको, गोगलगाईबरोबर जमीनही जाईल.

ही आफ्रिकन गोगलगाय. १८४७ मध्ये कोणा हौशी माणसाने कोलकात्यात आणून सोडली आणि तिथून ती देशभर पसरली. दिवसा ती कुंड्यांच्या बुडाखाली, विटांच्या ढिगात, पालापाचोळ्यात दडते. तिथली माती उकरलीत तर साबुदाण्याएवढी पिवळट पांढरी अंडी पुंजक्याने सापडतील. ती काढून चिरडलीत तर पुढच्या महिन्याचं अर्धं काम झालं.

संध्याकाळी गोणपाट ओला करून पसरा, खाली कोबीची पानं, पपईची सालं टाका. पहाटे उचललंत की सगळ्या तिथेच चिकटलेल्या असतात. घट्ट मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि नंतर पुरा. हातमोजे घालूनच. या गोगलगाईंत माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा एक परजीवी कृमी असू शकतो, त्यामुळे मुलांना हात लावू देऊ नका आणि परसातली पालेभाजी नीट धुऊन, शिजवून खा.

कंपोस्टचा ढीग उघडा आहे का? बहुतेक तिथेच त्यांची वसाहत असेल.

दहिसरची_अबोली | १० जुलै

ढीग उघडाच होता, आणि अंडी निघाली, चार पुंजके. गोणपाट आज पसरते.

शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा गठ्ठा बसलाय तो वेगळाच. आणि लिंबाच्या पानांवर पक्ष्यांनी घाण केल्यासारखं काहीतरी आहे, ते पान खातंय.

नाशिक_ते_नाहूर | १० जुलै

शेवग्याचे सुरवंट दिवसा खोडावर गठ्ठ्याने बसतात ही तुमची सोय आहे. साबणाचं पाणी जोरात मारून खाली पाडा. केस अंगाला लागले की खाज सुटते, पूर्ण बाह्यांचं घाला.

लिंबावर जे हलतंय त्याला मात्र राहू द्या. ती फुलपाखराची अळी. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. बोट लावून बघा, डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढेल आणि उग्र वास येईल. लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉरमॉन असेल. नशीब जोरावर असेल तर ब्लू मॉरमॉन, आपलं राज्य फुलपाखरू (२०१५ पासून). तीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही.

मार्वेकरीण | १० जुलै

मोठ्या झाडाला होत नाही, कुंडीतल्या वीतभर रोपाला होतं. एक अळी आठवड्यात ते खराटा करते. मी कुंडीतल्या अळ्या उचलून कढीपत्त्याच्या मोठ्या झाडावर सोडते. कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता चालतो.

लिंबाच्या पानांवर खडबडीत तपकिरी पुटकुळ्या आणि त्याभोवती पिवळं वर्तुळ दिसलं तर तो खैऱ्या. पावसात फार पसरतो. तेवढ्या डहाळ्या कोरड्या दिवशी छाटून बाहेर फेका, कंपोस्टात घालू नका.

चौथा_मजला | २२ जुलै

इंजिनिअरने गच्चीवर वाफ्यांना साफ नाही म्हटलं. कडेने स्टँडवर चिपाडांच्या पिशव्या ठेवल्यात. आता नवं भांडण: आवारातला जुना पर्जन्यवृक्ष ऊन अडवतो म्हणून दोन मेंबर माळ्याला बोलावून त्याच्या फांद्या उतरवायला निघालेत.

सिव्हिल_काका | २२ जुलै

थांबवा त्यांना. झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा राज्याचा कायदा खाजगी आवारातल्या झाडालाही लागू आहे. तोडायलाच नाही, छाटायलाही पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपेक्षा जुन्या झाडाला तर वारसा वृक्षाचा दर्जा आहे. वॉर्डातल्या उद्यान खात्याकडे अर्ज करा, ते येऊन बघतात. धोकादायक फांदी असेल तर कारण लिहून फोटो जोडा. ऊन येत नाही हे कारण चालेल असं मला वाटत नाही, आणि चालूही नये.

एका बाजूच्याच फांद्या उतरवल्या की झाडाचा तोल जातो आणि पुढच्या वादळात ते उरलेल्या बाजूला पडतं. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक गच्च बसवलेले असतील तर आधी ते काढा. त्या झाडाला पाणी आणि हवा मिळाली तर ते तुमच्यानंतरही राहील.

चौथा_मजला | २३ जुलै

पेव्हर आहेत. अगदी खोडाला चिकटून. अर्ज आजच देतो.

दहिसरची_अबोली | १९ सप्टेंबर

टोमॅटोचं बी आज ट्रेमध्ये टाकलं. पुसा रुबी. परातीतलं पाणी, चाळलेलं खत, सगळं झिलदादांच्या सांगण्याप्रमाणे. आता वेळ बरोबर आहे ना?

लालबागचो_झिल | १९ सप्टेंबर

एकदम. ऑक्टोबरच्या मध्याला मोठ्या कुंडीत जातील, नोव्हेंबरअखेर फुलं. रात्रीचं तापमान बावीसच्या खाली आलं की फळ नीट धरतं, त्याच्या आधी आलेली फुलं गळाली तर घाबरू नका. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या भागालाही मुळं फुटतात. फुलं आल्यावर सकाळी देठाला टिचकी मारत चला, पराग झटकला जातो. पाणी एक दिवस पूर आणि चार दिवस दुष्काळ असं नको. तसं केलं की फळाचं बुड काळं पडतं आणि लोक अंड्याची टरफलं शोधत फिरतात. टरफलं कुजायला महिने लागतात, त्या हंगामात काही मिळत नाही.

नवीन_नवीन_माळी | २ ऑक्टोबर

सगळा धागा वाचून काढला. माझ्या जास्वंदीच्या कळ्यांवर कापसासारखं पांढरं चिकट काहीतरी आहे. नीम तेल मारतोय, तरी परत येतं.

खिडकी_परळ | २ ऑक्टोबर

पिठ्या ढेकूण. आधी खोडावर मुंग्यांची रांग आहे का ते बघा. ढेकणांच्या अंगातून गोड चिकटा येतो, तो खायला मुंग्या त्यांना एका फांदीवरून दुसरीकडे नेऊन बसवतात आणि त्यांच्या शत्रूंना हाकलतात. मुंग्या असेपर्यंत तेल मारून उपयोग नाही. खोडाभोवती कागदी चिकटपट्टी उलटी गुंडाळा, भिंतीला टेकलेल्या फांद्या सोडवा.

मग फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून फेका. उरलेल्यावर जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी घासून जोरात धुवा, पानांच्या बेचक्यांत विशेष. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरला पाच मिली नीम तेल, आधी थोड्या पातळ साबणात घोळून मग पाण्यात, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पंपातून नुसतं पाणी उडतं. आठवड्याने परत. उन्हात मारू नका, पानं भाजतात.

नवीन_नवीन_माळी | २ ऑक्टोबर

मुंग्या आहेत. खिडकीच्या चौकटीतूनच येताहेत. चिकटपट्टी घरात आहे, लावतो.